20 मार्च : चवदार तळे आणि आपले किडलेले दात



20 मार्च ही तारीख आपल्याला कुणी सांगावी लागत नाही. 1927 साली याच दिवशी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. अलीकडे याच तारखेला आणखी एक दिवस पाळला जातो, जागतिक मौखिक आरोग्य दिन. म्हणजे दात, हिरड्या, जीभ, एकूण तोंडाच्या आरोग्याचा दिवस. दोन्ही दिवस एकाच तारखेला यावेत हा योगायोग. पण शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीत तो असा समोर आला की लिहिल्याशिवाय राहवेना.

सकाळी विहारात अभिवादन सभा झाली. त्याच मंडपात अकरा वाजता एका कंपनीच्या सीएसआर निधीतून दंत तपासणी शिबिर होते. पुण्याहून आलेल्या दोन तरुण डॉक्टर, एक बॅनर, ब्रश-पेस्टची पाकिटे आणि फोटो काढत फिरणारा कंपनीचा माणूस. डॉक्टरांनी प्लास्टिकच्या जबड्यावर दात कसे घासायचे ते दाखवले. मग कंपनीच्या माणसाने माईक घेतला. म्हणाला, "तुम्ही लोकांनी पुड्या सोडल्या आणि दोन वेळा दात घासले की अर्धे प्रश्न संपले. स्वच्छता ही शेवटी सवय आहे." टाळ्या पडल्या. आपल्याच पोरांनी वाजवल्या.

मागच्या रांगेतून एक चोवीस वर्षांचा मुलगा उठला. रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामगार. खालच्या दोन दाढा आधीच काढलेल्या, तिसरी किडलेली. तो म्हणाला, "मॅडम, ब्रश हाय घरी. ही दाढ मला काढायची नाही, भरायचीय. कुठं भरून मिळंल?" डॉक्टर प्रामाणिक होती. म्हणाली, "शिबिरात फक्त तपासणी असते." तिने पुण्याच्या एका दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. त्याने ती खिशात ठेवली. चार महिन्यांनी भेटला तेव्हा तिसरी दाढही गेलेली होती.

हा लेख त्या तिसऱ्या दाढेबद्दल आहे. कीड सगळ्यांच्या दातांना लागते. साहेबाच्या पोराच्याही लागते. पण कीड लागल्यावर कुणाचा दात वाचतो आणि कुणाचा उपटला जातो, हे ब्रश ठरवत नाही. ते ठरवते हातातली मजुरी, मिळणारी रजा आणि सरकारी दवाखान्यातली दाताची खुर्ची. आपल्या तरुणांच्या तोंडाची दुर्दशा ही त्यांची 'सवय' म्हणून खपवली जाते. मी म्हणतो, तो नाकारलेला हक्क आहे. आणि आपल्या चळवळीनेही आजवर तो हक्क म्हणून मागितलेला नाही.

तीन दाढांचा हिशोब

त्या मुलाचा दिवस बघा. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा रात्रपाळी. पहिल्या पाळीला बस पहाटे येते, पोटात काही नसते. गेटवर चहा-बिस्कीट, सुट्टीत चहा, पाळी सुटल्यावर चहा. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून अजून दोन चहा आणि पुडी. सहा कप चहा, कपात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, जवळपास पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेली मर्यादा आहे वरून घातलेल्या साखरेतून दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आहारात हेच पन्नास ग्रॅम. त्याची मर्यादा नुसत्या चहात संपली. बिस्कीट आणि कोल्ड्रिंक वेगळेच.

आता दात कसा किडतो ते समजून घेऊ. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताचे वरचे कवच विरघळवते. लाळ हे नुकसान भरून काढत असते, पण तिला वेळ लागतो. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे. दिवसातून एकदा पोटभर गोड खाणाऱ्यापेक्षा दर दोन तासांनी चहा-बिस्किटावर भूक मारणाऱ्याचे दात जास्त धोक्यात असतात. आता सांगा, दर दोन तासांनी चहा-बिस्किटावर भूक कोण मारतो? ज्याला बसून जेवायला वेळ आहे, तो? आणि आपण राहतो कुठे, तर न्हावरे आणि पाटसच्या साखर कारखान्यांच्या, केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळांच्या प्रदेशात. या साखरेवर इथे संचालक झाले, आमदार झाले. मजुराच्या वाट्याला साखर आली ती भाकरीच्या जागी, चहाच्या कपात.

मग दाढ ठणकायला लागते. सुरुवातीला ती भरता येते, खर्चही कमी असतो. पण त्यासाठी दवाखान्यात जायला हवे. सरकारी ओपीडी दिवसा, पाळीही दिवसा. रात्रपाळी असेल तर ती झोपेची वेळ. एक खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले, वर हजेरी बोनस गेला आणि सुपरवायझरची बोलणी. म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते. दोन महिने गोळीवर निघतात. तोवर कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. आता दाढ वाचवायची तर रूट कॅनाल आणि वर टोपी, म्हणजे खाजगीत काही हजार रुपये आणि तीन-चार खेपा. उपटायची तर काही शे रुपये आणि एक खेप.

कंत्राटी कामगार काय निवडणार? याला निवड म्हणायचे का? समाजशास्त्र शिकताना 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक' असा जड शब्द शिकवतात. त्याचा सोपा अर्थ एवढाच. तीन दाढा, तीन वेळा एकच हिशोब, तिन्ही वेळा उत्तर एकच.

बारा वर्षांचे भगदाड

आता शासनाकडे वळू. शासन दातांसाठी काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात दातांचे आजार धरलेले आहेत. शाळेत गाडी येते, डॉक्टर तोंड उघडून बघतात. दुसरीकडे असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी मोहिमेत तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आहे, पण ती वयाच्या तिशीपासून.

मधे काय? अठरा ते तीस. बारा वर्षे. या बारा वर्षांत शासनाचा कुणीही माणूस आपणहून तुमच्या तोंडात बघत नाही. आणि हीच ती बारा वर्षे, ज्यांत पोरगा शाळा सोडून एमआयडीसीत जातो, पहिली पुडी खातो, पहिली रात्रपाळी करतो, पहिली दाढ गमावतो. मुलगी लग्न होऊन सासरी जाते, पहिले बाळंतपण होते, आणि मशेरीचा डबा हातात येतो.

त्याहून क्रूर गोष्ट पुढे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होते. चांगलेच आहे. पण साधी दाढ भरणे, रूट कॅनाल करणे त्या योजनेत बसत नाही. म्हणजे जबडा कापायची वेळ आली की शासन धावून येते, दात वाचवायची वेळ असते तेव्हा ब्रशचे पाकीट देते. फुल्यांच्या नावाची योजना, आणि फुले तर रोगाच्या मुळावर घाव घालणारे!

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय सगळीकडे. मग आपल्या पोरांची दाढ तिथे मोफत का भरली जात नाही, हा प्रश्न आपण विचारला का? मोफत हा शब्द केसपेपरवर असून भागत नाही. खुर्ची चालू पाहिजे, डॉक्टर पाहिजे, दात भरायचे साहित्य पाहिजे, आणि कामगाराला जमेल अशी वेळ पाहिजे. यातले एक जरी नसेल तरी सरकारी दवाखान्यात एकच उपचार उरतो. पक्कड.

बंदी कागदावर, पुडी टपरीवर

आता येतो त्यांचा आवडता मुद्दा, व्यसन. 'तुमची पोरेच पुड्या खातात, त्याला व्यवस्था काय करणार?'

महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी 2002 साली घातली. 2004 साली ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग 2012 साली अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली आणि तेव्हापासून चालू आहे. एवढ्या वर्षांच्या बंदीनंतर शिरूर-दौंडच्या कुठल्याही एमआयडीसी गेटसमोर उभे राहा. पुडी मिळत नाही अशी टपरी दाखवा. कंपन्यांनी तोडही काढली. एका पुडीत पान मसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायचे. बंदी मोडणारा माल मैलोन्‌मैल रस्त्याने येतो. त्याला परवानगी कोण देतो, हप्ता कोण खातो, हे विचारायचे सोडून ज्याच्या तोंडात पुडी आहे त्यालाच नीतीचे प्रवचन!

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरच्या लोकांत 26.6 टक्के लोक तंबाखू वापरताना आढळले. ओढणारे फक्त 3.8 टक्के. धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची, दाढेखाली धरायची, दाताला लावायची, वापरणारे 24.4 टक्के. म्हणजे महाराष्ट्राचे तंबाखूचे दुखणे मुख्यतः फुप्फुसाच्या आधी तोंडाचे आहे.

आपल्या पोरांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारीची पुडी खातो' असे अनेक जण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात सुपारीलाच, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले. सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होते, पांढुरकी पडते, तिखट झोंबायला लागते, आणि हळूहळू तोंड आखडते. आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही. त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

हे वाचता वाचता एक करून बघा. आपल्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, तर उद्याच दवाखाना गाठा. ही तपासणी करायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, सीएसआर तर मुळीच लागत नाही.

आणि बायांचे काय? मशेरीवर आपण बोलतच नाही. भाजलेली तंबाखू, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा. केंद्र सरकारने तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर 1992 सालीच बंदी घातली. पण घरी तव्यावर तंबाखू भाजली की ती मंजनच होते. शेतात खुरपायला, ऊस बांधायला जाणारी बाई सांगते, "मशेरी लावली की भूक मरती, काम ओढवतं." हे व्यसन आहे, पण आधी ती भूक आहे. जी बाई चाळिशीच्या आत बोळकी होते, तिला 'टापटीप नाही' म्हणणाऱ्याने एकदा तिच्या वाफ्यात दिवसभर वाकून दाखवावे.

गळ्यातले गाडगे

कुणी म्हणेल, यात जात कुठून आणली? दात तर सगळ्या गरिबांचे जातात. खरे आहे. मराठा शेतमजुराचीही दाढ जाते, धनगराची आणि मुस्लिम हमालाचीही जाते. म्हणूनच ही लढाई आपण एकट्याने लढायची नाही. पण जमीन नसलेला, कंत्राटातही सगळ्यात खालच्या कामावर असलेला, वस्तीत शेवटच्या नळावर असलेला माणूस कोण, याची यादी केली की जात आपोआप समोर येते.

शिवाय या देशात तोंडाला आणि थुंकीला जातीचा इतिहास आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याची थुंकी रस्त्यावर पडून सवर्ण विटाळू नये म्हणून त्याच्या गळ्यात गाडगे बांधले जात होते. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये हे नोंदवून ठेवले आहे. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री जी पलटण पेशव्यांवर चालून निघाली, ती याच शिरूरच्या छावणीतून. आपण दर 1 जानेवारीला त्यांना सलामी देतो. गळ्यातले गाडगे आपण फोडले. पण 'हे लोक तोंडाने घाण' हा समज फुटला नाही. 'तुम्ही लोकांनी' या माईकवरच्या दोन शब्दांत तो बसलेला असतो. रोगाला गलिच्छपणा म्हटले की उपचार देण्याची जबाबदारी संपते आणि उपदेश देण्याचा अधिकार मिळतो. ही जुनी युक्ती आहे. पूर्वी पाणी द्यायचे नाही आणि मग अस्वच्छ म्हणायचे. आता खुर्ची द्यायची नाही आणि मग दात घासा म्हणायचे.

आपल्या माणसांनाही दोन शब्द

आता आपल्याच घरातली गोष्ट. आपण पंचशील घेतो, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील म्हणतो आणि विहाराच्या पायरीवर पुडी फोडतो. स्टेजवर भाषण ठोकणाऱ्या कार्यकर्त्याच्या गालात गोळी असते. व्यवस्थेवर बोट ठेवले म्हणजे स्वतःची जबाबदारी संपली असे मी म्हणत नाही. पण नुसते शील सांगून भागत नाही, हे खुद्द तथागतांनी दाखवले आहे.

विनयपिटकात प्रसंग आहे. भिक्खू दात साफ करत नव्हते, तोंडाला दुर्गंधी येत होती. बुद्धांनी त्यांना हिणवले नाही. त्यांनी दात न घासण्याचे पाच तोटे सांगितले आणि दन्तकट्ठाची, म्हणजे दातवणाची, अनुज्ञा दिली. भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले तेव्हा कमाल लांबी आठ अंगुळे ठरवली, एकाच्या घशात फार आखूड काडी अडकली तेव्हा किमान चार अंगुळे ठरवली. यातून काय शिकायचे? अडचण बघायची, कारण सांगायचे, साधन द्यायचे, अनुभवातून नियम सुधारायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही रीत माईकवाल्या साहेबापेक्षा कितीतरी शास्त्रीय आहे. आपण बुद्धाचे अनुयायी, तर आपली रीतही हीच हवी.

जयंतीला डीजेवर जो खर्च होतो त्याच्या काही हिश्शात वस्तीतल्या दहा पोरांच्या दाढा वाचल्या असत्या, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. पण वर्गणीने दाढा भरणे हा आपला कार्यक्रम नाही. आपला कार्यक्रम हक्काचा आहे. म्हणून पुढची कामे सांगतो.

पहिले काम माहितीच्या अधिकाराचे. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाला विचारा : दंतशल्यचिकित्सकाचे पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, दाताची खुर्ची चालू आहे का, आणि मागच्या तीन वर्षांत किती दात काढले व किती भरले. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. रुग्णांची संख्या फुगवून दाखवता येते. काढलेल्या आणि वाचवलेल्या दातांचे प्रमाण मात्र त्या दवाखान्याचा खरा चेहरा दाखवते.

दुसरे काम, रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत ठराव : आठवड्यातून एक दिवस संध्याकाळची दंत ओपीडी, आणि अठरा ते तीस वयाच्या तरुणांची वर्षातून एकदा तोंडाची तपासणी, कंपनीच्या गेटवर आणि महाविद्यालयात.

तिसरे काम ईएसआयचे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूर खात्याचे मंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेची तयारी झाली आणि 1948 साली ईएसआय कायदा झाला. आज महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला तो विमा आहे. पगारातून 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. कंत्राटदाराने भरले नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या प्रत्येक कंत्राटी पोराने आपली पगारपावती आणि ईएसआय नंबर तपासावा. कुरकुंभच्या रासायनिक पट्ट्यातल्या पोरांनी तर आणखी एक विचारावे : आम्लाच्या वाफेत काम केल्याने पुढचे दात झिजतात, हे जगाला ठाऊक आहे. मग आमच्या वैद्यकीय तपासणीत दात बघता का?

चौथे, पुडीचे. टपरीवाल्या गरिबाला पकडून फोटो काढायचा नाही. घाऊक माल कुठून येतो त्याची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, पोच घ्यायची आणि पाठपुरावा सोडायचा नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. ते अंतर आपणच मोजायचे.

महाडला लोक तहान लागली म्हणून गेले नव्हते. माणूस म्हणून आपला हक्क सांगायला गेले होते. पुढच्या 20 मार्चला सकाळी विहारात अभिवादन करू, आणि मग घोळक्याने नव्हे, रांगेने, आपापल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊ. प्रत्येक जण स्वतःच्या नावाचा केसपेपर काढेल आणि त्यावर एकच मागणी सांगेल : दात काढायचा नाही, भरून द्या. शंभर केसपेपर एका दिवशी पडले की खुर्ची चालू आहे की नाही ते सगळ्या तालुक्याला कळेल.

तो मुलगा येणार आहे. त्याच्या वरच्या जबड्यात एक दाढ किडायला लागली आहे. चौथी. ती वाचली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!